दोर नसलेलं जहाज

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर काही काळ 'शाश्वत पर्यटन सल्लागार' असं इंग्रजीत छापलेलं होतं. कार्डं छापून आली त्या संध्याकाळी मी एक कार्ड बायकोच्या हातात ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात टिकणार काय आहे? नोकरी का?" ती बँकेत आहे, आणि बँकेतल्या माणसांना प्रत्येक गोष्टीची मुदत विचारायची सवय असते. मी तिला समजावून सांगितलं की भूमध्य समुद्राच्या काठी एक जुनं बंदर आहे, तिथं मोठमोठी क्रूझ जहाजं येतात, आणि ती येऊनही तिथली हवा, पाणी आणि माणसं धड राहावीत अशी त्या शहराची धडपड आहे. ही गोष्ट कुवेतमधल्या लोकांना पटवून द्यायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं होतं आणि ऑफिसनं ते मला दिलं होतं.

"तू पटवणार?" ती म्हणाली. "तुला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं."

त्या शहराचं नाव मी इथं लिहीत नाही. झाल्या प्रकारात शहराचा काडीचाही दोष नव्हता. दोष सगळा माझ्याकडे होता आणि लिहायचं आहे ते रेडकरकाकांबद्दल, तेव्हा शहराला मधे कशाला ओढा.

आमचं ऑफिस कुवेतच्या राई भागात, एका झुंबरांच्या शोरूमच्या वर, आणि खाली शोरूमला लागून आमचाच विमानाच्या तिकिटांचा काउंटर. आजूबाजूला गॅरेजं, गोदामं आणि फर्निचरची दुकानं. अशा ठिकाणी बसून मी 'समुद्राच्या कुशीतलं निवांत शहर' वगैरे लिहीत असे. खिडकीतून दिसायचा तो टायरचा ढीग. मालक अबू यूसुफ हे जुन्या व्यापारी घराण्यातले कुवेती गृहस्थ. आजोबांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता म्हणे, त्यामुळे हिंदी बोलायची त्यांना हौस होती. त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "पाटणकर, तुम लिखता अच्छा, लेकिन समंदर का तुमको कुछ मालूम नहीं. मैं एक समंदर का आदमी लाया."

समुद्राचा माणूस दारात उभा होता. बुटका, रुंद, उन्हानं रापलेला, बासष्टीचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. उजव्या हाताची करंगळी कधी काळी दोराखाली सापडून वाकडी झालेली. माझं नाव-गाव विचारायच्या आधी ते म्हणाले, "जिन्यातला तिसरा दिवा गेलाय. सांगितलंय का कोणाला?"

मी तिथं सहा वर्षं काम करत होतो. जिन्यात दिवे किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

रेडकर मूळ वेंगुर्ल्याचे. मीना अब्दुल्ला या इथल्या तेलबंदराच्या जेट्टीवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. लोडिंग मास्टर होते, म्हणजे तेलाचं जहाज धक्क्याला लागलं की किनाऱ्याच्या बाजूनं जहाजावर चढून जाणारा माणूस. तेल भरायला सुरुवात करण्याआधी एक यादी असते. जहाजाचा अधिकारी आणि किनाऱ्याचा माणूस ती दोघं मिळून मोठ्यानं वाचतात, एकेक गोष्ट जाऊन डोळ्यांनी बघतात, आणि शेवटी दोघंही सही करतात. दोन सह्या झाल्याशिवाय थेंबभर तेल हलत नाही. काका निवृत्त झाले, पण यादी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. "आहे" असं कोणी म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "पाहिलंस?"

निवृत्तीनंतर ते इथं थांबले होते ते गार्गीसाठी. लग्नानंतर सोळा वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, इथल्या भारतीय शाळेत बारावीला. काका-काकू तिच्याशी मराठीत बोलत आणि ती इंग्रजीत उत्तरं देई, असा तिघांचा सुखाचा संसार अबू हलीफा नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये चालला होता. कुवेतमध्ये राहायचं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, लागतो, आणि इकाम्याला कोणीतरी नोकरी देणारा लागतो. काकांचा इकामा आता आमच्या ऑफिसच्या नावावर होता. तो गेला की काकूंचा गेला, गार्गीचाही गेला. परीक्षा मार्चमध्ये. इकाम्याची मुदत संपत होती जानेवारीत. "मार्च पार पडला की मी मोकळा," काका सांगत. "मग तुझी शाश्वत भानगड तू आणि तुझा अबू यूसुफ बघा."

काकांची पद्धत पहिल्यांदा मी अंगावर घेतली ती इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला. थंडीत इथं वाळवंटात तंबू टाकून वनभोजन करायची चाल आहे, आणि वन नसलं तरी आम्ही मराठी माणसं त्याला वनभोजनच म्हणतो. शुक्रवारी सकाळी अबू हलीफाच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस गाड्या उभ्या. काका मधोमध कागद घेऊन.

"कोळसा?"

"आहे."

"कोणी पाहिला?"

"मी पाहिला, काका. माझ्या डिकीत आहे."

"दाखव."

माणसं हसत होती, पण दाखवत होती. मग आलं पिण्याचं पाणी. ते माझ्याकडे होतं. मी गाडीत बसल्या बसल्या "आहे" म्हणालो. "पाहिलंस?" मी म्हणालो, "हो हो." खोटं बोलायचा माझा विचार नव्हता. पाणी होतंच. बायकोनं खोकी खाली आणली होती, मी गाडीत ठेवणार होतो, म्हणजे ठेवलीच असतील असं मला वाटलं. तासाभरानं वाळवंटात नंदा देशमुखच्या सासूबाईंना दम्याची गोळी घ्यायची वेळ झाली तेव्हा कळलं की बाराच्या बारा खोकी आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी आहेत आणि वॉचमन त्यांची इमानानं राखण करतोय. मी जाऊन-येऊन दोन तासांची रपेट केली. परत आलो तेव्हा वांग्याचं भरीत संपलं होतं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षीच्या यादीत मात्र पाण्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'पाटणकर सोडून कोणीही.'

दुसरी गोष्ट कुवेतसमोरच्या फैलका बेटाची. अबू यूसुफना वाटलं, आपला शाश्वत सल्लागार बोटीच्या टोकावर उभा राहून 'समुद्र ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे' असं इंग्रजीत बोलतोय, अशी एक छोटी फिल्म करावी. कॅमेरावाला, मी आणि काका निघालो. धक्का मागं पडायच्या आत माझं पोट वर आलं. नंतरचा सगळा वेळ मी कठड्यावरून ओणवा होतो, आणि काकांनी एका हातानं माझी कॉलर, दुसऱ्यानं पट्टा धरून ठेवला होता. जी जबाबदारी मी कॅमेऱ्यासमोर घेणार होतो, तिच्यात भर घालण्यापलीकडे त्या दिवशी माझ्या हातून काही झालं नाही.

ऑफिसात आल्यावर अबू यूसुफनी विचारलं, "कैसा हुआ?" मी सावरून काहीतरी बोलणार, तोच काकांनी अहवाल दिला. बोट वेळेवर सुटली, वारा वायव्येचा, चित्रीकरण नाही, पाटणकरची उलटी चार वेळा.

"तीन," मी म्हणालो. माणसाला काहीतरी अब्रू हवी.

"चौथी तू डोळे मिटून केलीस," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंनी केलेल्या आलेपाकाच्या वड्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "पुढच्या वेळी निघायच्या आधी दोन खा. नसलास जाणार तरी खा, चांगल्या झाल्यात."

कामातही ते तसेच. मी लिहिलेलं माहितीपत्रक ते माझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचत, एकाच सुरात, बाजारच्या यादीसारखं. "'जिथं लाटा शहराशी हितगुज करतात.' पाहिलंस?"

"काका, ही भाषा असते."

"बरं." ते समासात 'भाषा' असं लिहीत आणि पुढं सरकत. "'गल्लीगल्लीतून दरवळणारा इतिहास.' हीपण भाषाच ना?" पान संपलं की समासात दहा ठिकाणी 'भाषा' असे आणि दोन ठिकाणी 'बरोबर'. ते दोन म्हणजे विमानाचं अंतर आणि त्या देशाचं चलन.

खरं सांगायचं तर त्या कामातलं जे काही मला आज कळतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. जहाज धक्क्याला बांधलं म्हणजे गप्प झालं असं नसतं. आतल्या दिव्यांना, भटारखान्याला, थंड हवेला वीज लागते, म्हणून इंजिनं चालूच राहतात, आणि धुराड्यातला धूर सरळ गावावर जातो. त्यावर उपाय म्हणजे किनाऱ्यावरून जाड केबल टाकून जहाजाला शहराची वीज द्यायची आणि इंजिनं बंद करायची. सांडपाण्याचं काय होतं, एका वेळी किती माणसं एका अरुंद गल्लीत उतरतात, जहाजावरच जेवून आलेला माणूस गावात नुसते फोटो काढून परत जातो तेव्हा गावाला काय मिळतं, हे सगळे प्रश्न ते त्या बंदराच्या कार्यालयातल्या एलेनाबाईंना पत्रांतून विचारत. बाई पानपानभर उत्तरं पाठवत. मला त्या 'डिअर सर' लिहीत आणि काकांना 'डिअर कॅप्टन'. काका कॅप्टन नव्हते, आणि प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला ते तसं कळवत.

डिसेंबरात मोठा कार्यक्रम ठरला. गल्फ रोडवरच्या एका हॉटेलात ट्रॅव्हलवाले आणि काही कुटुंबं बोलवायची, एलेनाबाई स्वतः येणार, माहितीपत्रक वाटायचं. पहिला गट आमच्या मराठी मंडळाचाच न्यायचा असं मी अबू यूसुफना पटवलं होतं. मुखपृष्ठाला मी शहराकडून आलेल्या चित्रांमधलं सगळ्यांत देखणं निवडलं. पांढरंशुभ्र जहाज, धक्क्यावरून त्याच्या पोटात गेलेली जाड केबल, छपरांवर सौर पट्ट्या, सायकलवरून जाणारी मुलं, आणि धुराचा मागमूस नाही. चित्राच्या खाली बारीक अक्षरांत 'कल्पनाचित्र' अशा अर्थाचा एक शब्द होता. तो माझ्या मथळ्याच्या आड येत होता, म्हणून मी चित्र खालून थोडं कापलं. मथळा मी दिला होता, 'इथं जहाजं श्वास रोखून धरतात.' मला तो फार आवडला होता.

छपाईच्या आदल्या दिवशी काकांनी ते मुखपृष्ठ हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पहिल्यांदाच काही आवडलेलं दिसतंय.

"पाटणकर, हे जहाज बांधलंय कशानं?"

"म्हणजे?"

"दोर कुठायत? एवढं मोठं जहाज धक्क्याला उभं आहे आणि एकही दोर नाही. असं जहाज जरा वारा आला की धक्का सोडून जाईल, आणि ती सायकलवरची पोरं बघत राहतील." त्यांनी वाकडी करंगळी चित्रावर टेकवली. "दोर नाहीत म्हणजे हे जहाज नाही. हे कोणीतरी बसून काढलेलं चित्र आहे. आणि जहाज चित्रातलं, तर केबलही चित्रातलीच."

त्यांनी एलेनाबाईंची पत्रं काढली. बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं: केबलचं काम चालू आहे, एका धक्क्यावर आधी होईल, बाकीच्यांना वेळ लागेल. पत्रं मलाही येत होती. मी ती वाचत नव्हतो, कारण काका वाचत होते.

मी म्हणालो, आज ना उद्या होणारच आहे. मी म्हणालो, जगात सगळे असंच करतात. हे दोन्ही चाललं नाही तेव्हा मी म्हणालो, "काका, कंत्राट गेलं तर मी खाली तिकिटांच्या काउंटरवर बसेन. तुम्ही कुठं जाल? जानेवारीत इकामा आहे. गार्गीची परीक्षा आहे. मी तुमच्यासाठी सांगतोय."

काका कधी चिडत नसत. तेव्हाही आवाज चढला नाही. "गार्गीला मधे घालून स्वतःचा मथळा वाचवू नको," ते म्हणाले.

छपाईला जाण्याआधी 'समंदर का आदमी' सही करेल असा अबू यूसुफचा नियम होता. काकांनी दोन पानं दिली. पहिल्यावर मजकुराची तपासणी, समासातल्या 'भाषे'सकट, खाली आम्हा दोघांच्या सह्या. दुसऱ्यावर तीन वाक्यं: मुखपृष्ठावरचं चित्र काढावं. जहाजाला दोर नाहीत. केबल अजून बसलेली नाही. खाली त्यांची सही, आणि माझ्या सहीसाठी सोडलेली जागा. "चित्र बदल, सही कर आणि दोन्ही पानं पाठव," असं सांगून ते घरी गेले. मी पहिलं पान फाइलला लावलं आणि दुसरं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडलं नाही. फाडायला धीर लागतो, आणि माझ्याकडं सरळ वागायलाही नव्हता आणि वाकडं वागायलाही नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी चित्र भिंतभर झळकत होतं. काकांनी ते दारातूनच पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पाहुण्यांना खुर्च्या दाखवण्यात गढून गेलो. माझं भाषण झालं. टाळ्या पडल्या. मग जहाज धक्क्याला कसं लागतं हे काकांनी पाच मिनिटं सांगितलं आणि कोणाला काही विचारायचं असेल तर, असं मी म्हणालो. नंदा देशमुख उठली.

"काका, मी तुम्हालाच विचारते," ती म्हणाली. मला का नाही, हे सभागृहातल्या सगळ्या मराठी लोकांना माहीत होतं. "आमच्या आईंना दमा आहे. इथल्या धुळीनं जीव नकोसा होतो त्यांना. आठ दिवस तरी स्वच्छ हवा मिळावी म्हणून नेतोय. जहाज उभं असतं तेव्हा खरंच धूर नसतो ना?"

पहिल्या रांगेत अबू यूसुफ बसले होते. काकांच्या इकाम्यावर सही करणारा हात गुडघ्यावर ठेवून ते कौतुकानं स्टेजकडे बघत होते. काकांना ते दिसत होतं. मलाही दिसत होतं.

"असतो, नंदा," काका म्हणाले, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले की वीज द्यायचं काम तिथं चालू आहे, पण ते पुरं झालेलं नाही, आणि हे चित्र पुढं कसं दिसेल त्याचं आहे. "आईंना नेणार असशील तर तिथल्या हॉटेलात खोली समुद्राच्या बाजूची घे. धक्क्याच्या बाजूची नको. आणि जहाज उभं असेल तेव्हा त्यांना घेऊन गावात वर चढून जा. वर हवा चांगली आहे असं या बाई लिहितात."

एलेनाबाईंनी मान डोलावली. त्या नंतर माझ्याकडं येऊन फार सभ्यपणे म्हणाल्या की चित्राखालचा शब्द कापला गेला आहे वाटतं, छपाईत होतं असं कधीकधी. मी म्हणालो, हो, छपाईत होतं.

दुसऱ्या दिवशी अबू यूसुफनी आम्हा दोघांना बोलावलं. समोर फाइल, फाइलीत पहिलं पान. "बाबा, साइन भी तुम्हारा, और स्टेज पे ना भी तुम्हारा? मेहमान के सामने? मैं मुँह किधर रखूँ?"

काकांनी फाइल ओढून घेतली. पान उलटलं. मागं काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी समोरच्या खजुराच्या बशीकडं पाहिलं. त्या बशीत सात खजूर होते.

"सही माझीच आहे," काका म्हणाले. त्यांनी फाइल परत सरकवली.

"खलास," अबू यूसुफ म्हणाले. जानेवारीतल्या इकाम्यावर ते सही करणार नव्हते.

मी बोललो नाही, आणि मी अकरा दिवस बोललो नाही. पहिले दोन दिवस मालक रागात होते. मग शुक्रवार आला. मग धुळीचं वादळ आलं, आणि अशा हवेत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. मग मला सर्दी झाली. मग मी ठरवलं की आधी काकांशी बोलावं, पण काका समोर दिसले की मला बाहेर काहीतरी काम निघे. ते रोज वेळेवर येत होते, जिन्यातले दिवे बघत होते, आणि मला "जेवलास का?" विचारत होते. याहून त्यांनी मला चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकराव्या दिवशी मी घरी लवकर आलो तर गार्गी दारातून बाहेर पडत होती. माझी बायको तिला अकाउंट्स शिकवायची. टेबलावर बायकोनं तिला दिलेली पुस्तकं ठेवलेली होती.

"ही परत का दिली तिनं?" मी विचारलं.

"म्हणाली, 'आंटी, आय मे नॉट नीड दीज.' तिकडे गेल्यावर परीक्षेला बसता येईल का हेच कळत नाहीये त्यांना. वर्ष जाईल पोरीचं." बायको माझ्यासमोर बसली. "मला एक सांग. काकांनी आधी सही केली आणि मग स्टेजवर नाही म्हटलं? काकांनी? अरे, पाण्याची खोकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी हलवू देत नाही तो माणूस."

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. तिनं एवढंच विचारलं, "कागद कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"ऑफिस सहापर्यंत उघडं असतं," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली माझ्यापुढं सरकवली.

अबू यूसुफनी ते दुसरं पान दोनदा वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "इलेव्हन डेज?" ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी मंदूबला, म्हणजे सरकारी कागदांची कामं करणाऱ्या माणसाला, हाक मारली आणि काकांचे कागद मागवून माझ्यासमोर सही केली. मग मला म्हणाले, "कार्ड का डिब्बा लाओ." शाश्वत सल्लागाराची कार्डं त्यांनी स्वतः कचऱ्याच्या टोपलीत टाकली. तेव्हापासून मी खाली तिकिटांच्या काउंटरवर आहे. तिकिटात भाषा नसते, त्यामुळे तसं बरं चाललं आहे.

त्याच संध्याकाळी मी अबू हलीफाला काकांकडं गेलो. ते बाल्कनीत कांद्यांना हवा लागावी म्हणून कागदावर पसरत होते. मी सांगितलं, ते ऐकत राहिले.

"काका, तुम्ही का नाही बोललात? एक वाक्य बोलला असतात तर..."

"पान तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं. काढायचं तूच."

"आणि मी काढलंच नसतं तर?"

"पंधरा दिवस थांबायचं ठरवलं होतं," काका म्हणाले. "सोळाव्या दिवशी मी स्वतः वर जाऊन तुझं नाव सांगितलं असतं. मी काय संत आहे? पोरीची परीक्षा आहे माझ्या." मग कांदा उलटून ठेवत म्हणाले, "चार दिवस राहिले होते तुझे. बरं झालं आलास. मला झोप लागत नव्हती."

कंत्राट गेलं नाही. नवं माहितीपत्रक काकांनीच लिहिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'आमच्या धक्क्यावर अजून धूर आहे. तो कमी करण्यासाठी आम्ही काय करतो आहोत ते खाली दिलं आहे.' एलेनाबाईंनी त्यातला एकही शब्द बदलला नाही. ते वाचून माणसांच्या रांगा लागल्या असं काही झालं नाही. नंदा सासूबाईंना घेऊन गेली, समुद्राच्या बाजूची खोली घेऊन.

गार्गीची परीक्षा पार पडली. एप्रिलच्या एका दुपारी मी तिघांना विमानतळावर सोडायला गेलो. बायकोला बँकेतून निघता आलं नाही. तीस वर्षांचा संसार चार बॅगांत बसवून काका निघाले होते आणि काकू सारख्या मागं वळून काचेबाहेरच्या उन्हाकडं बघत होत्या, तिथं बघण्यासारखं काही नसताना. सामान वजनाला लागलं. काका काउंटरवर कागद देत होते. तेवढ्यात गार्गी माझ्यापाशी आली. ही मुलगी माझ्याशी कधी चार शब्दांवर बोललेली नव्हती, आणि मराठीत तर नाहीच.

"काका," ती म्हणाली. एकेक शब्द तिनं घरून जुळवून आणलेला दिसत होता. "बाबांनी मला सांगितलं. तुम्ही त्या दिवशी सरांकडे गेलात, म्हणून आमचा इकामा झाला. तुमच्यामुळे माझं वर्ष वाचलं."

आणि त्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या मधे, ती वाकली आणि तिनं मला नमस्कार केला.

काकांनी तिला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी गेलो होतो, आणि इकामा झाला होता. त्याच्या आधीचं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाळ, पाया पडू नकोस, तुझं वर्ष मीच पणाला लावलं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी मान वर केली. काका बोर्डिंग पास हातात घेऊन, काउंटरला पाठ करून उभे होते आणि माझ्याकडंच बघत होते. घाई न करता, वाट बघत.

मी गार्गीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "यशस्वी हो."

काकांनी बोर्डिंग पास खिशात घातले. मग पुढं येऊन त्यांनी गार्गीला खांद्याला धरून उठवलं, मला म्हणाले, "चल, पाटणकर, सांभाळून राहा," आणि तिघंही आत गेले.